थोरली दरड की धाकटी?

९ जानेवारी

नकटे,

हे पत्र मुद्दाम तुझ्या घरी पाठवते आहे. ऑफिसच्या पत्त्यावर लिहिलं की 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे' असं उत्तर येतं आणि खाली तुझी सही असते. दोन वर्षांत सख्ख्या बहिणीकडून मला एवढंच वाङ्मय मिळालं. फोन तू उचलत नाहीस. म्हटलं कागद बरा, त्याला कुणी उचलायची वाट बघावी लागत नाही, दाराखालच्या फटीतून तो आपला आपण आत जातो.

भांडण उकरून काढायचं नाहीये. आपली नदी, ती राखणारा आपला गट सोडून तू त्या रंगाच्या कंपनीत का गेलीस, आणि गेलीस ती मला न सांगता का गेलीस, हे मी विचारणार नाही. विचारणार नाही म्हणजे नाही. आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "मला काय विचारतेस, तिला विचार."

काम आहे म्हणून लिहिते आहे. धाकट्या दरडीत पिल्लं आहेत. चार. डोळे नुकतेच उघडलेत, पोहायला अजून येत नाही.

बीळ तेच, पाण्यालगत मुळांच्या जाळ्याखालचं. थोरल्या दरडीवर रस्ता येतो, बाकडं आहे, माणसं डबे खायला येतात, त्यामुळे तिथे पाणमांजर फिरकतसुद्धा नाही. वळणापलीकडे धाकटी दरड आहे आणि तिच्याकडे जायला होडीशिवाय वाट नाही, म्हणून तर बिचारीनं तिथे घर केलं. रोज सकाळी मी समोरच्या काठावर पोटावर पडून दुर्बिणीतून बघते. नावाडी म्हणतो, "ताई, या वयात पालथं पडलात तर उठवायला मी लागेन." लागतोसुद्धा.

आता मुद्दा. तुमच्या विभागानं मदतीचा अर्ज पाठवला होता, त्यात शेवटी एक चौकट होती: 'लाभार्थ्याची सही किंवा अंगठा'. लाभार्थी कोण, तर पाणमांजर. मला हसू आवरेना. आपल्याकडे पंजाच्या ठशांचे प्लॅस्टरचे साचे आहेतच. त्यातल्या एकाला शाई लावली आणि त्या चौकटीत दणदणीत उमटवून दिला. वाटलं होतं, अर्ज फेटाळतील आणि वर चार शब्द सुनावतील. पण तो अंगठा तुमच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यात भरला. आता म्हणे तो रंगाच्या प्रत्येक डब्यावर छापणार, आणि ज्याचा अंगठा त्याला साहेब स्वतः भेटायला येणार. सत्तावीस तारखेला. बिळासमोर. खुर्च्या, कर्णे, पाहुणे, आणि बिळात नळी घालून कॅमेरा. त्यातलं चित्र तुमच्या इमारतीच्या खालच्या दालनात मोठ्या पडद्यावर दिसणार.

'येऊ नका' म्हणायची सोय नाही, हेही तुला माहीत आहे. काठ आमच्या देखरेखीखाली राहू द्यायचा की तिथे गाड्या उभ्या करायला फरसबंदी करायची, हे पालिका याच महिन्यात ठरवते आहे. पाठीशी मोठी कंपनी असेल तर काठ आमच्याकडे राहील, नाहीतर नाही. त्यामुळे साहेब नाराज झाले तरी पिल्लं गेली आणि साहेब खूश होऊन बिळापर्यंत आले तरी गेली. रात्री झोप लागत नाही गं.

बंधाऱ्याच्या दुरुस्तीचं यंत्र धडधडायला लागलं त्या वर्षी काय झालं ते आपण दोघींनी पाहिलंय. घाबरलेली मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवत होती, आणि शेवटच्यासाठी परत आलीच नाही. तू त्या दिवशीच्या नोंदीत 'सगळं गेलं' एवढंच लिहिलं होतंस. मी ते खोडून 'तीन हलवली, एक राहिलं' असं केलं, कारण बरोबर तेच होतं. त्यानंतर महिन्याभरात तू गेलीस.

कार्यक्रम पुढे ढकल, नाहीतर दुसरीकडे हलव. तुला जमेल. तुझ्याशिवाय त्या इमारतीत पाणमांजर पाहिलेलं माणूस नाही.

आई बरी आहे. ऐकू कमी येतं, पण सोयीचं सगळं येतं.

ताई

१६ जानेवारी

नकटे,

उत्तर आलं, पण ऑफिसातून आलं. 'प्राण्यांना कमीत कमी त्रास होईल याची पुरेपूर दक्षता घेण्यात येईल.' खाली तुझी सही. कमीत कमी आणि पुरेपूर एकाच वाक्यात कसं बसवलंस, शाबास!

तुमचा प्रसिद्धीवाला काल येऊन गेला. पांढरे बूट घालून नदीवर आला. थोरल्या दरडीच्या बाकड्यापर्यंत पोचला, तिथे बूट चिखलात रुतला, मग पुढे काही त्याचं मन होईना. बाकड्यावर उभा राहून उजेड कुठून येतो ते बघितलं, "सुंदर, सुंदर" म्हणाला आणि कर्णा लावून पाहिला. "हॅलो, हॅलो, एक दोन तीन." नदीवर आवाज कसा लांबवर जातो ते तुला सांगायला नको. मी वळणाकडे बघत उभी होते.

त्या संध्याकाळी मादी दिसली नाही. आज सकाळीही नाही. बिळापुढच्या चिखलात ताजा ठसा नाही. दुपारी एकदा तिची शीळ ऐकू आली असं मला वाटलं, पण नावाडी म्हणाला तो पक्षी होता. हल्ली मला सगळ्यातच शीळ ऐकू येते, दाराची बिजागरी वाजली तरी कान टवकारते.

होडीही रंगवून दिलीये कंपनीनं. भगभगीत नारिंगी, आणि त्यावर सगळीकडे तोच अंगठा. नावाडी तोंड पाडून बसलाय. "ताई, आता मी निघायच्या आधी माझी होडी पोचते," म्हणतो. पाणमांजरं त्या होडीला बघून बुडी मारतात ती वर येतच नाहीत. आम्ही जुनं गोणपाट टाकून ती झाकतो आणि तशीच वल्हवतो.

आणि कार्यक्रमाचं 'दत्तक सोहळा' हे नाव कुणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या नाही, एवढं मी पैजेवर सांगेन. आई निमंत्रणाचा मसुदा वाचत होती. त्या शब्दापाशी थांबली, चष्मा काढला आणि उठून आत गेली. बाबा गेले त्या वर्षी तुला मावशीकडे पाठवलं तेव्हा 'तात्पुरतं' म्हणून पाठवलं होतं. मावशीला मूल नव्हतं, आईच्या हातात काम नव्हतं, आणि तात्पुरत्याचं दत्तक कधी झालं ते आम्हालाही कळलं नाही. मी अकरा वर्षांची होते. मला कुणी विचारलं नव्हतं. तुला तर नाहीच.

तिथून तू दर आठवड्याला पत्र पाठवायचीस, आठवतं? वहीचं पान, वर चंद्रासारखं काहीतरी काढलेलं, आणि एकच वाक्य: 'ताई मी रवीवारी येते.' दर वेळी 'वी' दीर्घ! रविवारमधला 'वि' ऱ्हस्व, हे तुझ्या डोक्यात शिरता शिरत नव्हतं. मी लाल पेनानं गोल करायचे, शेजारी बरोबर शब्द लिहायचे आणि पत्र परत पाठवायचे. पुढे सुधारलीस. त्यानंतर पत्रंही कमी झाली, अभ्यास वाढला असेल. पण आज ऑफिसात तुझ्या मराठीला नाव ठेवायला जागा नाही ती कुणामुळे, हे लक्षात असू दे.

तेव्हा शुद्धलेखनाची भीती न बाळगता एक ओळ लिही. कार्यक्रम हलतोय की नाही, एवढंच.

ताई

ता. क. पत्र बंद करता करता नावाडी धावत आला. ठसे दिसले. मोठे आणि त्यांच्या मागे छोटे. बिळाच्या तोंडाशी जाऊन परत आत गेलेले. मी पायरीवरच बसले आणि पाणी मागितलं.

२० जानेवारी

बाई,

आज नकटी वगैरे काही नाही. आज मी भयंकर चिडले आहे.

निमंत्रणपत्रिका आली. गुळगुळीत कागद, वर अंगठा, आत नकाशा. कार्यक्रमाची जागा 'धाकटी दरड' आणि तिथे बाण. बघते तर काय, बाण थोरल्या दरडीवर! रस्ता संपतो तिथे, बाकड्यापाशी, ठळक अक्षरात 'धाकटी दरड'. आणि वळणापलीकडे, जिथे खरी धाकटी आहे, तिथे 'थोरली दरड'. दोन्ही नावं उलटी. खाली बारीक अक्षरात 'नकाशा:' आणि पुढे तुझ्या पदाचं नाव.

अगं, तू त्या काठावर बारा वर्षं काढलीस! काळोखात होडी लावायचीस. आणि थोरली कुठली न् धाकटी कुठली हे विसरलीस? खुर्चीत बसून माणूस इतकं बदलतं? एवढे पाहुणे ही पत्रिका घरी जपून ठेवणार आणि नदीच्या जागांची नावं कायमची उलटी होणार. शंभर वर्षांची नावं आहेत ती. नावाड्याच्या आजोबांच्या तोंडी होती.

माझं डोकंच फिरलं. उठले, लाल पेन घेतलं, दोन्ही नावांवर काट मारली, जागच्या जागी बरोबर नावं लिहिली, बाण दाखवले, समासात 'कृपया दुरुस्ती करावी' असं लिहिलं आणि पाकीट थेट प्रसिद्धी विभागाला पाठवून दिलं. तुझ्याकडे पाठवून उपयोग काय, तुझ्याकडून फक्त नोंद घेण्यात येते.

तू नाराज झालीस तर हो. चूक ती चूक. मला दिसली की हात थांबत नाही.

ताई

२१ जानेवारी, सकाळ

नकटे, नकटे,

हे पत्र पोस्टात टाकत नाहीये. स्वतः येऊन तुझ्या दाराखालून सरकवते आहे. वाचल्या वाचल्या काहीतरी कर.

आज सकाळी चहाच्या वेळी मी आईसमोर तुझ्या नकाशाचा उद्धार करत होते. तिनं भिंग मागितलं. बराच वेळ बघत राहिली आणि हसायला लागली. मला वाटलं, हिचंही काहीतरी बिघडलं.

"ही चुकत नाही कधी," आई म्हणाली. "चुकवते."

मग तिनं ती गोष्ट काढली. मावशीचे यजमान तुला परत न्यायला आले होते, आणि तू त्यांचं बोट धरून "बस इथे येते काका" म्हणत त्यांना भलत्याच थांब्यावर नेऊन उभं केलं होतंस. बिचारे शेवटची बस जाईपर्यंत उभे. दुसऱ्या दिवशी गेलीस, पण एक रात्र इथे जास्त झोपलीस. सहा वर्षांची होतीस तू. सगळ्यांनी 'पोरीला रस्ते कळत नाहीत' म्हणून सोडून दिलं. आईनं तेव्हा ओळखलं होतं, म्हणे. मला आज कळतंय.

अर्जात, फायलीत, सगळीकडे बीळ 'धाकट्या दरडीत' आहे असंच लिहिलेलं. ते बदलणं तुझ्या हातात नव्हतं. कार्यक्रम हलवणंही नव्हतं. मग तू कागद बदलला नाहीस, नदी बदललीस. नावं उलटी केलीस म्हणजे साहेब, पाहुणे, कर्णे, कॅमेरा, सगळा लवाजमा बाकड्यापाशी जाऊन थांबेल आणि पलीकडे पिल्लांना पत्ताही लागणार नाही.

आणि मी? मी लाल पेनानं बाण काढून बिळापर्यंतची वाट दाखवली. माझ्या हातानं. सुवाच्य अक्षरात!

काल कुरियरवाल्यानं पाकीट नेलं तेव्हा पावतीवर सही करताना मी खूश होते, हे आठवलं की लाज वाटते. आज सकाळी कुरियरच्या दुकानात जाऊन उभी राहिले, पाकीट केव्हाच पुढे गेलं होतं. ते पाकीट अडव. फाड, खा, काहीही कर. प्रसिद्धीवाल्याच्या हातात पडलं तर तो होड्या मागवेल, आणि पांढरे बूट काढून पोचेल पलीकडे. आणि त्यानं साहेबांना दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखवले तर चुकून झालं असं कुणी मानणार नाही. बारा वर्षं नदीवर काढलेलं माणूस असं चुकत नाही, हे मीच कालच्या पत्रात तुला ओरडून सांगितलंय. तुझी नोकरी जाईल. याचा विचार तू केला असशील. मी केला नव्हता.

तुझ्या दाराशी उभी राहून या शेवटच्या ओळी लिहिते आहे, कागद भिंतीला टेकवून, म्हणून अक्षर असं आलंय. आत नळ चालू आहे. म्हणजे घरी आहेस. बेल वाजवत नाही. का ते विचारू नकोस.

ताई

२८ जानेवारी

नकटे,

काल तू तिथेच होतीस, तेव्हा तुला सगळं माहीत आहे. पण तू साहेबांच्या शेजारी पुढे होतीस आणि मी मागे, आणि मागचं तुला दिसलं नसेल. शिवाय कालपासून माझं काळीज ठिकाणावर नाही. लिहिल्याशिवाय येणार नाही.

तुझं काहीच उत्तर नव्हतं. पाकीट अडवलंस की नाही, पत्र तरी वाचलंस की नाही, मला काही कळायला मार्ग नव्हता. सहा दिवस मी घरात इकडून तिकडे फिरत होते. आई शेवटी म्हणाली, "एका जागी बस, माझी मान दुखायला लागली."

सकाळी तुमच्या गाड्या थोरल्या दरडीवर थांबल्या तेव्हा जीव भांड्यात पडला. तू उतरलीस. केस कापलेस. बारीक झालीस. मला नमस्कार करून "आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत" म्हणालीस, आणि मीही "आपले स्वागत आहे" म्हटलं. दोन वर्षांनी बहिणी भेटतात त्या अशा. नावाडी आळीपाळीनं आपल्या दोघींकडे बघत होता.

मग प्रसिद्धीवाला आला. या वेळी पायात काळे गमबूट होते, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यानं बगलेतून एक कागद काढला. लाल शाई मला दहा पावलांवरून ओळखू आली.

"मॅडम," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जरा घोटाळा आहे. एक नकाशा आमच्या ऑफिसचा आहे, एक तुम्ही दुरुस्त करून पाठवलेला. यात धाकटी दरड पलीकडे दिसते. मी दोन होड्या तयार ठेवल्यात, पाच मिनिटांत सगळ्यांना नेऊ. खरी धाकटी कुठली?"

साहेब वळले. पाहुणे वळले. तू वळली नाहीस. तू नदीकडे बघत होतीस. तुला वाटत असणार, ही बया आता सगळ्यांसमोर तासभर भूगोल शिकवणार. खरं सांगू? ओठांवर आलंच होतं. ही थोरली, ती धाकटी, शंभर वर्षांची नावं. तोंड उघडलं होतं मी.

"हीच धाकटी दरड," मी म्हणाले. "ऑफिसचा नकाशा बरोबर आहे. चूक माझी आहे."

असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. नावाडी वल्हं धरून उभा होता, त्याचा तोल गेला आणि एक पाय पाण्यात गेला. प्रसिद्धीवाल्याचं समाधान होईना.

"पण तुम्ही तर इतकं ठामपणे लिहिलंय, लाल पेनानं—"

"ठामपणेच चुकतात त्या," नावाडी मध्येच म्हणाला. पाय झटकत वर आला आणि साहेबांना हात जोडले. "आमच्या ताईंना थोरलं-धाकटं कधी कळलंच नाही, साहेब."

सगळे हसले. साहेबही हसले. प्रसिद्धीवाल्यानं कागदाची घडी करून खिशात ठेवली. तू नाही हसलीस. मीही नाही.

तो मेला नावाडी, त्याला मी आतून किती शिव्या दिल्या आणि किती आशीर्वाद दिले!

पुढचं सगळं तूच घडवून आणलेलं दिसत होतं. पाणमांजराला आवाज सहन होत नाही, असं तू साहेबांना कधी सांगितलंस कोण जाणे, पण त्यांनी कर्णे बंद करायला लावले आणि सबंध भाषण कुजबुजत केलं. मागच्या रांगेतल्यांना काही ऐकू आलं नाही, तरी टाळ्या वाजवायची वेळ आली तेव्हा तेही बोटांनी तळहातावर हळूच वाजवत होते. साहेबांनी बूट काढले, गुडघ्यांवर बसले आणि बाकड्याखाली ज्या भोकात कॅमेऱ्याची नळी घातली होती त्यात डोकावले. तिथे काय असणार? फार तर खेकडा. "आहेत ना हो आत?" त्यांनी मला विचारलं. माणूस वाईट नाही. डोळ्यात लहान मुलाची उत्सुकता होती, म्हणून मला जास्तच अवघडल्यासारखं झालं. "आईजवळ आहेत," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

मग दत्तकपत्र वाचलं. कंपनी या काठाच्या पाठीशी उभी राहील, पालिकेकडे शब्द टाकेल, वगैरे. आणि शेवटी एक ओळ: 'पिल्ले आहेत तिथेच, आपल्या आईजवळ राहतील. त्यांना कुठेही नेले जाणार नाही.'

ती ओळ तुझी होती. प्रसिद्धीवाल्याला ती सुचणं शक्य नाही. ऐकताना तुझी मान ताठ होती, पण कानाची पाळी लाल झाली होती. लहानपणी रडू दाबताना व्हायची तशी. मला मात्र दाबता आलं नाही. मी चष्मा पुसला, मग परत पुसला. शेजारच्या पाहुण्या बाई म्हणाल्या, "दमट हवा आहे ना?" म्हटलं, हो, नदीकाठी असतेच.

तुमच्या दालनातल्या पडद्यावर आता रिकामं भोक दिसतंय, असं ऐकते. कालच नावाड्याच्या भाच्यानं फोन केला, तो तिथे दारावर असतो. म्हणे, जेवणाच्या सुट्टीत माणसं त्यासमोर उभी होती. दुपारी एक खंड्या येऊन भोकाच्या तोंडाशी बसला आणि चोचीतला मासा आपटला, तर सगळ्या दालनानं श्वास रोखला होता. बघू देत बिचाऱ्यांना. खंड्याही काही वाईट नाही.

धाकट्या दरडीची, म्हणजे खऱ्या धाकटीची, बातमी सांगते. आज सकाळी मादी चौघांना घेऊन पाण्यापर्यंत आली. तीन उतरली. चौथं काठावरच मुळाला धरून बसलं, किंचाळत. मी दुर्बीण घट्ट धरून ठेवली होती. ती तिघांना घेऊन वळणाकडे गेली. दिसेनाशी झाली. मला ते वर्ष आठवलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "परत ये, परत ये गं."

आली. मानेला धरून त्याला पाण्यात घेतलं आणि शेवटी पोटाखाली घेऊन पोहली. चौघंही आहेत. मी नोंद केलीये: 'सगळी आहेत.' एवढीच.

गाडीत बसताना तू एकदा मागे वळलीस. माझ्याकडे नाही, वळणाकडे बघितलंस. मी तिथेच उभी होते. हाक मारणार होते, पण प्रसिद्धीवाला मध्ये आला.

आई विचारत होती, तिचे केस खरंच कापलेत का? म्हटलं, तूच बघ.

कधी येतेस?

ताई

३ फेब्रुवारी

नकटे,

पत्र आलं. ऑफिसचं पाकीट नव्हतं, वहीचं पान होतं. पोस्टमननं दाराखालून सरकवलं तेव्हा मी तिथेच बसले होते, म्हणजे योगायोगानं बसले होते. आईला वाचून दाखवलं. एकच ओळ होती तरी तिनं परत वाच म्हणून सांगितलं, मग माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं, आणि आता ते तिच्या उशाशी आहे. मला परत मिळेल असं दिसत नाही.

'ताई मी रवीवारी येते.'

वर ते चंद्रासारखंही काढलंयस. आज इतक्या वर्षांनी विचारते, तो चंद्रच होता ना?

गमबूट आणू नकोस, तुझे जुने इथेच आहेत, झाडून ठेवलेत. नावाड्यानं होडीवर गोणपाट घातलंय. उजाडायच्या आत निघू, पालथं पडायला दोघींपुरती जागा आहे.

पत्रात एकही चूक नाही.

रवीवारी वाट बघते.

ताई